मधमाशीची बेगमी

(देऊळघाट येथील प्रौढांच्या वर्गात केलेले भाषण)

 

पावसाळ्याआधी आपण काय करतो? घर शाकारतो. सरपण आत भरतो. ज्वारी कोठीत ठेवतो. पापड, कुरड्या, लोणचे करून ठेवतो. याला आपण बेगमी म्हणतो. हाताला काम नसेल, बाहेर पडता येणार नसेल, तेव्हा घरात दाणा असावा म्हणून ही बेगमी.

मधमाशीही अशीच बेगमी करते. तिची बेगमी म्हणजे मध. तो मध ती आपल्यासाठी साठवीत नाही. स्वतःच्या वाईट दिवसांसाठी साठवते. आज मला एवढीच गोष्ट सांगायची आहे.

माशीचे वाईट दिवस कोणते? ते मुलखावर अवलंबून असते. काश्मीरसारख्या थंड मुलखात बर्फ पडते. महिनोन्‌महिने एक फूल दिसत नाही. मग माश्या काय करतात? त्या झोपत नाहीत. पोळ्यावर एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो. राणीमाशी मधोमध असते. माश्या अंग थरथरवतात आणि ऊब तयार करतात. बाहेरच्या माश्या गारठल्या की आत येतात, आतल्या बाहेर जातात. या उबेला सरपण लागते. ते सरपण म्हणजे मध. मध संपला की ऊब संपली, आणि घर मेले. म्हणून तिकडचे लोक थंडीआधीच पेटीत पुरेसा मध आहे की नाही ते पाहतात.

आपल्या बुलढाण्याकडे थंडी पडते, पण बर्फ पडत नाही. रात्री गारठा असला तरी दिवसा ऊन असते. तूर फुलते. पुढे करडई फुलते. कांद्याच्या बियांचे गोंडे फुलतात. चैत्रात कडुनिंब मोहरतो. म्हणजे हिवाळा हा आपल्याकडे माशीच्या कमाईचा काळ. थंडीत पेटीवर एक गोणपाट टाकावे, तोंड उगवतीकडे ठेवावे आणि पेटी उघडायची तर दुपारच्या उन्हात उघडावी. एवढे पुरते.

आपल्या माशीचा खरा हिवाळा म्हणजे पावसाळा. झड लागली की माशीला बाहेर पडता येत नाही. फुले असली तरी त्यांतला रस धुऊन जातो. आषाढ-श्रावणात माशी घरात बसून साठ्यातले खाते. साठा नसेल तर?

तर काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शाळेत नोकरीला होतो. एका ओळखीच्या माणसाकडून सातेरी माश्यांची एक पेटी आणली. सातेरी म्हणजे झाडाच्या ढोलीत, डोंगराच्या कपारीत राहणारी माशी. ती पेटीत नांदते. आग्या माशी नांदत नाही. पेटीला दोन मजले होते. खाली राणी आणि पिले, वर मध.

वैशाखात मी वरच्या मजल्यातला मध काढला. मध पाहून हाव सुटली. खालच्या मजल्यातल्या चौकटींनाही कडेने मध होता. तोही काढला. बाटल्या भरल्या. विकल्या. चार पैसे आले. मोठा आनंद झाला.

आषाढात आठ दिवस झड लागली. पैनगंगा दुथडी भरून वाहत होती. उघडीप झाल्यावर मी पेटीचे झाकण काढले. आत आवाज नव्हता. माश्या पोळ्याच्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेल्या होत्या. शेवटचा थेंब शोधता शोधता गेल्या होत्या. तळाशी मेलेल्या माश्यांचा थर होता.

शेजारच्या म्हाताऱ्या आजी पाहायला आल्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही त्यायच्या तोंडचा घास काढला."

मी मुलांना रोज शिकवीत होतो. त्या दिवशी मी शिकलो.

माशीला पावसाळ्यात सांभाळावे लागते, हे महाबळेश्वरकडच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. तिथला पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त. तरी मधाचा धंदा तिथेच वाढला. खादी ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तिथेच आहे. जवळचे मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. इतक्या पावसात तिथे माश्या जगतात, मग आपल्याकडे का मराव्यात?

तेव्हा पेटी ठेवणाऱ्याने रोहिणी निघाल्या की कामाला लागावे.

पहिले काम. खालच्या मजल्यातल्या मधाला हात लावू नये. तो माशीचा. वरचा मध काढावा, पण तोही खरवडून काढू नये.

दुसरे काम. पेटी जमिनीपासून उंच, घोडीवर ठेवावी. मागची बाजू किंचित उंच करावी, म्हणजे पाणी आत शिरत नाही. वर पत्रा किंवा ताडपत्री बांधावी. हवा मात्र कोंडू नये. ओलीने बुरशी येते.

तिसरे काम. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे, म्हणजे मुंगळे चढत नाहीत. ज्या पोळ्यावर माश्या बसत नाहीत, ते काढून घ्यावे. रिकाम्या पोळ्यात मेण खाणारी अळी पडते आणि सारे घर पोखरते. तळपाट झाडून स्वच्छ ठेवावा. दार लहान करावे.

चौथे काम. साठा कमी वाटला तर साखरेचा पाक द्यावा. एक किलो साखरेला एक लिटर पाणी. पाणी उकळून साखर विरघळवावी, पूर्ण गार करावी. आठवड्याला पाव किलो साखरेचा पाक एका पेटीला पुरतो. तो संध्याकाळी द्यावा आणि बाहेर सांडू देऊ नये. दिवसा दिला तर दुसऱ्या घरच्या माश्या लुटायला येतात. गूळ देऊ नये, माशीला हगवण लागते. आणि पाकाचा साठा मध म्हणून विकू नये. ती फसवणूक आहे.

पाचवे काम. भर पावसात पेटी उघडू नये. उघडीप पाहून झटकन पाहावे आणि बंद करावे.

दुसऱ्या वर्षी मी नवी पेटी आणली आणि असेच केले. मध थोडा कमी निघाला. पण पावसाळा सरला आणि दसऱ्याच्या सुमारास माश्या तिळाच्या शेतातून पिवळ्या पायांनी परत येताना दिसल्या. तो पिवळा रंग परागाचा. घर जगले होते.

मंडळी, आपण गाईचे दूध काढतो, पण वासरासाठी एक सड सोडतो. ज्याने वासराचे दूध काढले, त्याची गाय फार दिवस दूध देत नाही. माशीचेही तसेच आहे. तिचा वाटा तिला ठेवा. मग ती तुम्हाला मधही देईल आणि तुमच्या शेतातल्या फुलांना फळही धरवील.

एवढे बोलून मी थांबतो. राम राम.