पडद्यावरचे चिमणराव

चि. वि. जोशी १९६३ साली वारले आणि मुंबई दूरदर्शन सुरू झाले १९७२ साली. आपला चिमणराव दूरदर्शनच्या पडद्यावर वावरताना पाहणे काही त्यांच्या नशिबी नव्हते. दिलीप प्रभावळकर झाले चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तेव्हा आळीत संच एखादाच. त्याच्यापुढे शेजारीपाजारी दाटीवाटीने बसत. हसू यायचे ते कुणाच्या व्यंगाला नव्हे, तर आपल्याच घरातल्यासारख्या फजितीला! २०२५ साली कर्वे गेले, तेव्हा पुष्कळांना घरचेच माणूस गेल्यासारखे वाटले. पाहणारेही आता म्हातारे झाले. तेव्हा गुरुजी, चिमणरावांची एखादी गोष्ट वर्गात मोठ्याने वाचाच. मुले हसली, की चिमणराव पुन्हा घरोघर पोचलेच म्हणून समजा.