जुना लॅपटॉप आणि समुद्राचे नकाशे

घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे, विंडोज सेव्हनचा, दोन जीबी मेमरीचा. तो होडीवर नेऊन त्यात नकाशा बघता येईल का, आणि येत असेल तर सॉफ्टवेअर कुठलं टाकायचं? शिडाच्या होड्यांची हौस असलेल्यांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. मला वाटतं, तो उलट्या टोकाने विचारला जातो. आपण कुठल्या पाण्यात जाणार ते आधी ठरवावं, मग त्या पाण्याचे नकाशे कोणत्या रूपात मिळतात ते बघावं. सॉफ्टवेअर शेवटी. तोवर निवडायला फारसं उरलेलंही नसतं.

सागरी नकाशे, म्हणजे चार्ट, संगणकावर दोन प्रकारांत येतात. रास्टर म्हणजे कागदी चार्टचं जसंच्या तसं चित्र. मोठं केलं की अक्षरं फुटतात, पण जुन्या यंत्राला झेपतं, कारण त्याला चित्र सरकवण्यापलीकडे काही करायचं नसतं. व्हेक्टर चार्टमध्ये चित्र नसतंच. खोलीचा आकडा, खडक, बोया, दीपगृहाचा दिवा यांच्या नुसत्या नोंदी असतात आणि नकाशा जरा हलवला की संगणक त्यांवरून सगळं नव्याने रेखाटतो. जुना प्रोसेसर इथे धापा टाकतो.

मग रास्टरच घ्यावेत, असं कुणीही म्हणेल. त्यासाठी सीक्लिअर नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, इतका हलका की विंडोज एक्सपीवरही बिनतक्रार चालतो. अडचण चित्रांची आहे. अमेरिकेच्या सागरी खात्याने, ‘नोआ’ने, पारंपरिक कागदी आणि रास्टर चार्ट बंद करायचं २०१९ मध्ये जाहीर केलं आणि पुढच्या पाचेक वर्षांत ते टप्प्याटप्प्याने तडीला नेलं. त्यांचे व्हेक्टर चार्ट मात्र कुणीही फुकट उतरवून घ्यावेत. आपल्याकडे अधिकृत चार्ट करतं देहरादूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस. (समुद्राचे नकाशे डोंगराच्या पायथ्याशी तयार होतात, याची मला अजून गंमत वाटते.) त्यांचे व्हेक्टर चार्ट एस-६३ या कुलूपबंद स्वरूपात येतात. परवाना विकत घ्यायचा, आणि तो त्या एका संगणकाशी बांधलेला. म्हणजे उद्या लॅपटॉपने मान टाकली, की परवान्याचा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून.

रास्टर आणि व्हेक्टर असे दोन्ही प्रकार वाचणारा, फुकट आणि खुला प्रोग्रॅम म्हणजे ओपनसीपीएन. एस-६३ साठी त्याला वेगळी जोडणी बसवावी लागते. विंडोज, लिनक्स, अगदी तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवरही तो चालतो. जुन्या यंत्रावर मात्र त्याला थोडं सांभाळून घ्यावं लागतं. व्हेक्टर चार्ट पहिल्यांदा उघडताना तो स्वतःच्या सोयीची फाइल तयार करतो आणि त्यात वेळ जातो. हे काम घरी विजेच्या प्लगाशी बसून उरकावं. पडदा काळा पडला किंवा लुकलुकू लागला तर ओपनजीएल, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्र रेखाटून घेण्याची सोय, बंद करून बघावं, जुन्या ग्राफिक्स चिपचं त्याच्याशी बरेचदा पटत नाही. आणि मुंबईहून मुरुडला जाणाऱ्याने कोचीपर्यंतचे चार्ट भरून ठेवू नयेत.

वेग वाढवण्याचा एक मोह मात्र टाळावा. बारीक तपशील बंद करून, लांबूनच नकाशा बघितला तर जुना संगणकही सुसाट चालतो, पण लांबून धोका दिसत नाही. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्व्हो ओशन रेसमधली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही नौका केप टाउनहून अबूधाबीकडे जाताना मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराहोस या प्रवाळ खडकांवर चढली. नौका अव्वल दर्जाची, माणसं कसलेली. पण ज्या प्रमाणावर चार्ट बघितला गेला, त्यावर तिथे धोका दिसतच नव्हता, सुमारे ४० मीटर पाणी दिसत होतं. आणखी जवळ जाऊन पाहिलं असतं तर खडक दिसले असते. सुदैवाने माणसं वाचली. या दुर्घटनेत यंत्र जुनं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. पण ज्याला नकाशा एकदा मोठा करायला दहा सेकंद लागतात, तो कंटाळून मोठा करेनासा होतो. त्यामुळे दुकानात किंवा मित्राकडे यंत्र तपासताना प्रोग्रॅम सुरू व्हायला किती वेळ लागतो ते बघू नका. प्राँग्स दीपगृहाभोवतालचा कुलाब्याचा खडकाळ भाग पाच-सहा वेळा लहान-मोठा करून बघा.

आता एक विचित्र गोष्ट. आपली होडी नकाशावर दिसावी म्हणून यूएसबीचा जीपीएस जोडल्यावर माउसचा बाण वेड्यासारखा पडदाभर उड्या मारू लागला, तर व्हायरस शोधत बसू नका. जीपीएसकडून येणारे अक्षरांचे ओघ विंडोजला कधीकधी जुन्या सीरियल माउसचे वाटतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सीरियल बॉलपॉइंट’ नावाचं जे उपटलेलं असतं ते बंद केलं की जीपीएस जागेवर येतो.

शेवटची चाचणी जेट्टीवर, होडी बांधलेली असतानाच. पडद्यावरची होडी जेट्टीला लागलेली दिसते का? जुने भारतीय कागदी चार्ट एव्हरेस्ट या पृथ्वीच्या जुन्या मोजणीवर बेतलेले होते, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या मोजणीवर चालतो. असा जुना चार्ट कुणी स्कॅन करून दिला असेल, तर शंभरेक मीटरची चूक सहज पडते. मुंबई बंदरात तेवढ्याने होडी रस्त्यावर चढलेली दिसेल, आणि मग त्या चार्टमधले खडकही तितकेच सरकलेले आहेत असं समजून तो बाजूला ठेवावा.