घरच्या श्वासयंत्राचा दाब : किती आणि कोणाच्या हुकमाने?



घोरणाऱ्याची घरोघर थट्टा होते; परंतु निद्रेत घशाचे स्नायू शिथिल पडून श्वासमार्ग मिटावा, रक्तातील प्राणवायू घटावा, मेंदूने क्षणमात्र जागे होऊन श्वास पूर्ववत करावा, आणि रात्रभर हा क्रम चालूनही निद्रिस्ताला त्याची वार्ता नसावी, अशी व्याधी त्या घोरण्यामागे कित्येकदा दडलेली असते. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिच्यावरील तजवीज प्रसिद्ध केली : नाकावाटे सतत दाबाने हवा सोडावी, म्हणजे मिटू पाहणारा मार्ग उघडा राहतो. तेच आजचे सीपॅप यंत्र.

हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरांत मोजतात, आणि घरगुती यंत्रांत तो बहुधा ४ ते २० असतो. निद्रा-प्रयोगशाळेत ४ पासून आरंभ करून, निदान पाच मिनिटांच्या अंतराने एकेक सेंटिमीटर चढवीत योग्य दाब ठरवितात. तथापि परक्या बिछान्यातील त्या एका रात्रीचा निर्णय कायमचा मानता येत नाही. वजन वाढले, उताणे निजण्याची सवय जडली वा मद्य पोटात गेले, की गरज पालटते. म्हणूनच घरी फेरफार करण्याचा प्रश्न उद्भवतो.

समजा, सकाळी यंत्राच्या पडद्यावर तासाला श्वासाच्या १२ अडथळ्यांची नोंद दिसली. उपचार चालू असता ती ५ च्या आत असावी, हा सामान्य दंडक. अशा वेळी दाब चढविण्याचा मोह होतो. परंतु त्याच दप्तरात हवेची गळती मोठी दिसत असेल, तर दोष मास्कच्या झिजलेल्या कडेचा किंवा सैल पट्ट्याचा असण्याचा संभव अधिक, आणि दाब वाढविल्याने गळतीच वाढेल. गळती नसून, दाब आपोआप कमीजास्त करणारे स्वयंचलित यंत्र बहुतेक रात्र ९-१० वर राहत असेल, आणि किमान दाब मात्र ४ वरच ठेवला असेल, तर प्रत्येक अडथळ्याला यंत्र उशिरा पोहोचते; तेथे किमान मर्यादा वर नेणे सयुक्तिक ठरते. उलटपक्षी अतिरिक्त दाबाने पोटात हवा जाते, आणि काहींच्या बाबतीत मार्ग उघडा असूनही मेंदूच श्वासाची आज्ञा देईनासा होतो. पडद्यावरील आकड्यात असे थांबलेले श्वासही धरलेले असतात, म्हणून त्यांचे निराळे वर्गीकरण पाहिल्यावाचून दाबाला हात लावू नये.

यास्तव एका वेळी एकच फेरफार, तोही अल्प, आणि त्यानंतर कित्येक रात्रींची नोंद, हा नियम पाळावा. हृदय दुर्बळ झालेल्यांनी वा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांनी ही मुखत्यारी मुळीच घेऊ नये.

डॉक्टरांना माझी विनंती अशी, की ठरविलेला दाब आणि त्याचे कारण रोग्याला लेखी द्यावे. आणि रोग्यांना अशी, की तपासणीस जाताना केवळ तक्रार नव्हे, तर यंत्राची नोंदही सोबत न्यावी. दाब ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांचा खरा. पण त्याचा पुरावा रोज रात्री रोग्याच्याच उशाशी जमा होत असतो, आणि तो वाचण्याची जबाबदारी दोघांची आहे.