कानस आणि कान

(दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या मुलाने 'मी वाद्ये बनविण्याचा व्यवसाय करीन' असे म्हटले, तर आपल्यापैकी किती घरांत त्या रात्री जेवण गोड लागेल? मध्यमवर्गीय घरात कलेला मान आहे, पण तो सादर करणाऱ्याला. मुलगी गायला बसली की आपण कौतुकाने ऐकतो. तिच्यामागे झंकारणारा तंबोरा कोणी घडविला, हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. म्हणून आज मिरजेविषयी बोलतो.

मिरजेत तंतुवाद्ये घडू लागली, त्याला सुमारे पावणेदोनशे वर्षे झाली. या परंपरेचे आद्य पुरुष फरीदसाहेब हे शिकलगार. शस्त्रे घडविणे, त्यांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अंमल स्थिरावला, शस्त्रांची मागणी आटली आणि पोलाद जाणणारे हात भोपळ्याकडे व लाकडाकडे वळले. आज ज्याला आपण करिअर बदलणे म्हणतो, ते यांनी कोणत्याही समुपदेशकावाचून केले! त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यांनी जे उभे केले, त्या मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून येतो. दोन भोपळे कधीही सारखे नसतात. एकाची साल जाड, दुसऱ्याची पातळ. एकाचा घेर एका अंगाला झुकलेला. त्यामुळे कालचे माप आज जसेच्या तसे चालत नाही. लाकूड बेतणे, सांधणे, नक्षी, पॉलिश ही कामे उमेदवारीच्या काही वर्षांत हाती बसतात.

जवारीचे तसे नाही. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा पृष्ठभाग सपाट दिसतो. प्रत्यक्षात त्याला डोळ्यांना न जाणवणारा उतार असतो. कंप पावणारी तार त्या उताराला ओझरती स्पर्श करते, आणि मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर उमलतात. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवीत नेमकी जागा शोधावी लागते. ती सापडली, की ज्या गांधारात एकही तार लावलेली नाही, तो गांधार आपोआप ऐकू येतो. कानस एक फेर जास्त फिरली तर नाद बसका होतो. शिवाय पुरुष गायकाची काळी एक आणि गायिकेची काळी चार यांना एकच जवारी चालत नाही. तारांच्या घर्षणाने घोडी झिजते, तेव्हा तेच काम पुन्हा करायचे, तेही कदाचित दुसऱ्याच गायकाच्या पसंतीने. हे पुस्तकात लिहून देता येत नाही. कान तयार व्हावा लागतो, आणि तो तयार होण्याला अंत नाही. वयाच्या साठीतही कारागिराला काल न ऐकू आलेले काही आज ऐकू येते. निवृत्तीची तारीख मोजणाऱ्या किती नोकऱ्यांत हे सुख आहे? (मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. त्या 'कला' शाखेत हाताला कानस लागत नाही, हे आपण जाणताच.)

अडचण लपवीत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग तो मोबाइलमध्ये शिरला. रियाजाला पुष्कळांना तेवढे पुरते. हाताने घडविलेल्या वाद्याला लागणारा वेळ आणि हाती येणारा पैसा यांचा मेळ कठीण असतो, आणि कारागिरांचीच मुले दुसरीकडे पाहतात, यात त्यांचा दोष नाही. परंतु ज्याला हे काम मनापासून आवडते, अशा मुलाला केवळ 'लोक काय म्हणतील' म्हणून अडविणे, हा निराळा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन मिरजेला जा. कारखान्यातील कारागिराला विनंती करून एकच तंबोरा जवारी काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर ऐकवायला सांगा. मुलगा किंवा मुलगी तिथे किती वेळ बसून राहते, तेवढे पाहा.