गोळी सोडू नका, हिरड्या जपा



फेफऱ्याच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हिरड्या वाढतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. मी डॉक्टर नव्हे. परंतु हे न कळल्यामुळे माणसे गोळीच सोडून देतात आणि खरा धोका तेथेच आहे, म्हणून हा विषय घेतला.

फेफऱ्यावरचे फेनिटॉइन १९३८ साली वापरात आले. आपल्याकडे ते एप्टॉइन या नावाने ओळखीचे आहे. १९३९ मध्येच त्याने हिरड्या वाढतात अशी नोंद झाली. ते घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना हा त्रास कमी-अधिक होतो. मूत्रपिंड बदललेल्यांना देतात ते सायक्लोस्पोरिन व रक्तदाबावरचे निफेडिपिन यांचाही असाच परिणाम १९८३-८४ च्या सुमारास नोंदला गेला. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिननेही हे होते, पण क्वचित.

बहुधा एक ते तीन महिन्यांत सुरुवात होते. पुढच्या दोन दातांमधली हिरडी फुगते आणि हळूहळू दात झाकू लागते. सहसा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. दातांवर कीटण साचले असेल तर वाढ अधिक होते. जेथे दातच नाहीत, तेथे ती सहसा होत नाही.

लग्नाच्या वयाची मुलगी तोंडावर हात धरून हसू लागली की घरचे म्हणतात, "गोळी बंद कर." कोणी तिला भगताकडे नेतो. बंधू-भगिनींनो, फेफऱ्याची गोळी एकाएकी बंद केली तर झटक्यामागून झटके येऊन जीवावर बेतते. आपल्या मुरुडला होडीवर किंवा विहिरीच्या काठावर झटका आला तर काय होईल, याचा विचार करा. रक्तदाबाची गोळी सोडणाऱ्याला अर्धांगवायूचे भय असते.

मग करावे काय? डॉक्टरांना हिरड्या दाखवा आणि दंतवैद्याला गोळ्यांचे पाकीट दाखवा. शक्य असेल तर डॉक्टर औषध बदलतात व पुष्कळदा काही महिन्यांत हिरड्या ओसरतात. नाहीतर जागा बधिर करून वाढलेला भाग काढतात. मुंबईत सरकारी दंत महाविद्यालय आणि नायर दंत रुग्णालय आहे. मात्र स्वच्छता राखली नाही तर वाढ पुन्हा होते. म्हणून सकाळी व रात्री मऊ ब्रशने दात घासा. मशेरी सोडा.

विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा दिली आणि त्याचे पाच लाभ सांगितले. मुखाला दुर्गंधी न येणे हा त्यांपैकी एक. शरीराची निगा हाही धम्माचरणाचाच भाग आहे. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या गोळ्यांची नावे वाचा आणि त्यांच्या हिरड्या पाहा. काही दिसले तर गोळी चालू ठेवून त्यांना डॉक्टरांकडे न्या.