हरवलेला स्वरमेळ

यंत्राने टिपलेल्या भक्तिगीतांची कथा १४ ऑगस्ट १८८८ या दिवसापासून सांगणे उचित ठरेल. त्या दिवशी कर्नल गुरो यांनी एडिसनचा सुधारित फोनोग्राफ लंडनच्या पत्रकारांपुढे मांडला. मेणाच्या नळकांड्यातून कॉर्नेट आणि पियानो यांचे सूर उमटले. रचना होती आर्थर सलिव्हन यांची ‘द लॉस्ट कॉर्ड’, अर्थात हरवलेला स्वरमेळ. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते.

ॲडलेड प्रॉक्टर या कवयित्रीच्या शब्दांना सलिव्हन यांनी १८७७ साली चाल दिली, ती मरणोन्मुख बंधू फ्रेड याच्या शय्येजवळ बसून. थकलेला जीव ऑर्गनवर बोटे फिरवीत असता एक दिव्य स्वरमेळ निनादतो आणि पुन्हा कधीच सापडत नाही, एवढाच काव्याचा आशय. अशी गीते प्रार्थनामंदिरापेक्षा मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात, पियानोभोवती अधिक रमली. पंडितांनी त्यांना भाबडी ठरवून नाके मुरडली. भावाच्या उशाशी सुचलेल्या चालीला भाबडी म्हणणे मात्र धाडसाचेच!

यंत्राच्या मर्यादा कठोर होत्या. १९२५ पर्यंत विद्युत ध्वनिमुद्रण रूढ झाले नव्हते. गायकाला कर्ण्यात तोंड घालूनच गावे लागे. कॉर्नेटचा धारदार नाद मेणावर सहज कोरला जाई. ऑर्गनचा गंभीर, पसरणारा नाद मात्र त्या कर्ण्याला पेलत नसे. म्हणजे ज्या गीताचा प्राणच ऑर्गन, त्याचा ऑर्गनच यंत्राच्या उंबरठ्यावर अडला. वेळेचेही बंधन होतेच. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटे मावत.

खुद्द सलिव्हन यांना या शोधाविषयी काय वाटले? ५ ऑक्टोबर १८८८ रोजी गुरो यांच्या घरच्या मेजवानीत त्यांनी आपला संदेश याच यंत्रात बोलून ठेवला. शोधाचे त्यांना विलक्षण कौतुक होते. पण वाईट संगीतही आता कायमचे टिकून राहील, या विचाराने ते धास्तावलेही होते. ती धास्तीसुद्धा मेणावर उमटली आणि टिकली!

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. त्याच महिन्याच्या २९ तारखेस न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात आपद्ग्रस्तांच्या साहाय्यार्थ झालेल्या कार्यक्रमात एन्रिको कारूसो यांनी हेच गीत गायले. त्याच वर्षी त्यांच्या आवाजात त्याची तबकडीही निघाली. सलिव्हन तोवर हयात नव्हते. १९०० सालीच ते निवर्तले होते.