जुना लॅपटॉप, नवा बोर्ड



आपल्या गटांची पंचसूत्री तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. पहिली चार सूत्रं आपल्या हातात असतात. पाचवं मात्र बऱ्याच गटांत आता वहीतून निघून लॅपटॉपमध्ये गेलंय. आणि हा लॅपटॉप कसला? कुणाच्या तरी पोराचा कॉलेजात वापरून झालेला, आठ-दहा वर्षांचा. तो बंद पडला की सगळ्या गटाचा हिशेब अडकतो.

आमच्या गटाचा लॅपटॉप असाच चार्जिंग घेईना झाला. सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, "हे मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही, नवा घ्या." नवा म्हणजे तीस-चाळीस हजार. तेवढ्या पैशात बेदाण्याच्या हंगामात आम्ही दोन-तीन सदस्यांना कर्ज देतो. म्हणून बैठकीत ठरलं, आधी नेमकं काय बिघडलंय ते उघडून बघू.

आमच्या एका सदस्येची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. तिनं मागचं झाकण काढलं. मुख्य बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, ठणठणीत होता. चार्जरची पिन जिथं घालतो, तिथं बोटाएवढा एक वेगळा बोर्ड असतो. तेवढाच जळाला होता. त्यावर चिप वगैरे काही नव्हती. चार्जरचा सॉकेट, एक फ्यूज आणि मदरबोर्डाकडं जाणाऱ्या केबलचा जोड, एवढंच. एवढ्याशा तुकड्यासाठी अख्खा लॅपटॉप भंगारात जाणार होता.

मग तिनं नवा बोर्डच आखायला घेतला. आधी जुन्या बोर्डाची लांबी-रुंदी आणि स्क्रूची भोकं व्हर्नियर कॅलिपरनं मोजली. मग मल्टिमीटर लावून कुठली पिन कुठं जाते ते कागदावर उतरवलं. ब्लाउज बेतताना आपण जुना ब्लाउज उसवून माप घेतो ना, तसंच हे. त्यानंतर संगणकावर नकाशा काढला. त्यासाठी 'किकॅड' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. 1992 साली ज्याँ-पियेर शारास या फ्रेंच प्राध्यापकांनी ते सुरू केलं आणि आज जगभरातले लोक ते वापरतात.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आमचा चार्जर 19 व्होल्ट आणि 3.42 अँपिअरचा, म्हणजे 65 वॉटचा. इतका प्रवाह बारीक तांब्याच्या रेघेतून नेला तर ती रेघ तापते. पाण्याच्या मोटरीला बारीक वायर जोडली की काय होतं, ते तुम्हांला सांगायला नको. म्हणून तिनं रेघ तीन मिलिमीटर रुंद ठेवली.

नकाशाची फाइल बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला ऑनलाइन पाठवली. तिथं एकच नग करून देत नव्हते, म्हणून पाच मागवले. कुरिअर धरून हजाराच्या आत काम झालं. जुन्या बोर्डावरचा केबलचा जोड काढून नव्यावर बसवला, सॉकेट आणि फ्यूज नवीन घातले. लॅपटॉपला जोडण्याआधी प्रत्येक पिन पुन्हा मल्टिमीटरनं तपासली. अधिक-उणे उलटं झालं असतं तर चांगला मदरबोर्डही गेला असता. राहिलेले चार बोर्ड जपून ठेवलेत. त्याच मॉडेलचा लॅपटॉप कुणाकडं असेल तर त्यांच्या कामी येतील.

हे काही आमचंच वेड नाही. थिंकपॅड हा लॅपटॉप 1992 साली आयबीएमनं आणला आणि 2005 मध्ये तो लेनोवोकडं गेला. त्याच्या जुन्या मॉडेलांवर जीव असलेल्या चीनमधल्या हौशी मंडळींनी तर अख्खे मदरबोर्ड नव्यानं आखले. 2008 च्या एक्स-200 च्या जुन्याच पेटीत, जुन्याच कीबोर्डाखाली, दहा वर्षांनी नवा प्रोसेसर बसवला. ते मोठ्या जाणकारांचं काम. पण मापं घेणं, नकाशा काढणं, तपासणं या पायऱ्या त्याच आहेत.

आपल्या मुलींना हे शिकायला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात संगणकाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत मिळतात. सर्किट आखण्यासाठी त्याच संस्थेतल्या 'फॉसी' प्रकल्पानं 'ई-सिम' नावाचं मोफत सॉफ्टवेअरही काढलंय.

सरकारलाही या गोष्टीची दखल घ्यावी लागली. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढं मोबाइल, गाड्या, घरातली उपकरणं होती आणि आपली शेतीची अवजारंही होती. घेतलेली वस्तू दुरुस्त करता यावी, तिचे सुटे भाग मिळावेत, एवढीच ही मागणी आहे.

आता दोन सूचना. बॅटरीच्या आत हात घालू नका. लिथियमची बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू नका, दाबू नका, ती पेट घेते. ती बदलायचीच. दुसरं, हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि महिन्याची बेरीज वहीत ठेवा. यंत्र आज दुरुस्त झालं तरी उद्या पुन्हा बंद पडू शकतं.

आपल्या भागात मोटर रिवाइंडिंगची, ब्लोअर दुरुस्तीची दुकानं गावोगाव आहेत. त्या बाकड्यावर मुलगी क्वचित दिसते. सोल्डरिंगचं काम मात्र बारीक नजरेचं आणि स्थिर हाताचं. मणी ओवणाऱ्या, फॉल-बिडिंग करणाऱ्या हातांना ते जड नाही. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन मिळून दीड-दोन हजारांत येतात. शिलाई मशीनला आपण कर्ज देतो, तसं यालाही द्यायला काय हरकत आहे? पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. आमच्या त्या पोरीकडं गावातले तीन लॅपटॉप दुरुस्तीला आलेत आणि त्याची मजुरी तिनं स्वतःच्या खात्यात भरलीय.